हवामानाच्या मॅडम

हवामानबदलाचा अभ्यास करताना आकडे मेहनतीनं जमवावे लागतात. फजितीचे प्रसंग मात्र आपोआप जमतात. आमच्या संस्थेच्या कँटीनमध्ये रोज एक तरी निघतो. हसून झालं की सगळे जरा वेळ चहाच्या कपात बघत बसतात.

*

खराडीच्या एका आयटी कंपनीत माझं व्याख्यान होतं. विषय, शहरातला वाढता उकाडा. हॉलमधला एसी इतका गार, की माझे दात वाजायला लागले. सत्काराची शाल तिथंच अंगाभोवती गुंडाळून मी उष्माघातावर बोलू लागले. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, उकाडा कितव्या स्लाइडपासून सुरू होतो?"

*

माझा सहकारी समीर पुराच्या धोक्याचे नकाशे करतो. एका चॅनेलनं त्याला बोलावलं. पुणं बुडणार का, हो की नाही तेवढंच सांगा, असं निवेदिका म्हणाली. समीर प्रामाणिक. शक्यता वाढलीय, पण सगळीकडे सारखी नाही, असं समजावू लागला. खाली पट्टी फिरली: 'शास्त्रज्ञही गोंधळात'.

घरी पोचला तर अब्बांनी टीव्ही बंद करून ठेवलेला. म्हणाले, "सगळी गल्ली बघत होती रे."

*

समीरचा असाच एक नकाशा घेऊन आम्ही दोघं एका सोसायटीत गेलो. त्यांची इमारत लाल, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात. चेअरमनकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि लाल रंग जरा फिका करता येईल का, असं विचारलं. चार जणांनी फ्लॅट विकायला काढले होते. आम्ही नाही म्हणालो.

"अहो, मग निदान ते विकले जाईपर्यंत आपण कुणाला दाखवू नका."

*

मध्यंतरी नवऱ्याबरोबर वारज्याकडे नदीकाठची एक स्कीम बघायला गेले. धोका मला ठाऊक होता. पण मुलीची शाळा जवळ, आणि फ्लॅट वरचा. बिल्डरच्या ऑफिसात शेजारच्या टेबलाशी यवतमाळकडचं एक तरुण जोडपं बसलं होतं. इथं पाणी शिरतं का, असं ती बाई पुन्हा पुन्हा विचारत होती. सेल्समननं मलाही कधीतरी टीव्हीवरच्या चर्चेत पाहिलेलं. तो हसून तिला म्हणाला, "ह्या हवामानाच्या मॅडम. ह्याच इथं घर बघतायत, मग तुम्हाला कसली भीती?"

दोघांचे चेहरे एकदम मोकळे झाले. मला कुठं तोंड लपवू असं झालं. उठून त्यांच्यापाशी गेले. पाणी कुठवर चढू शकतं ते सांगितलं. मी सातवा मजला बघतेय, हेही सांगितलं.

ती नवऱ्याकडे बघू लागली. बुकिंगचा फॉर्म भरायला घेतलेलं पेन त्याच्या हातात तसंच होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "आम्हाला तळमजलाच परवडतो."