मेथीकाकूंचं पथ्य

मेथीकाकूंना मेथीकाकू म्हणायला लोकांनी फार उशिरा सुरुवात केली. त्याआधी त्या नुसत्या खडूसाहेबांची बायको होत्या, आणि हे काम पूर्णवेळ होतं.

खडूसाहेब कापडाच्या गिरणीत तपासनीस. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, साहेब खोट हेरून तिच्याभोवती खडूने गोल काढायचे आणि तागा बाजूला टाकायचे. विणणाऱ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. निवृत्तीनंतर खडू गिरणीत राहिला आणि सवय घरी आली. खरं तर ती पहिल्यापासून घरीच मुक्कामाला होती. पहिला घास घ्यायचा, एका बोटाने ताट पुढे सरकवायचं आणि म्हणायचं, "मीठ." कमी की जास्त, ते बायकोने ओळखायचं. चांगल्या कापडावर गिरणीत कुणी खूण करत नसे, त्यामुळे चांगल्या भाजीबद्दल बोलण्याचा प्रश्नच नव्हता. बाईंना लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून दोनच शब्द हवे होते: छान झालंय. दागिने मागितले असते तर बहुधा मिळाले असते.

शिवाय साहेबांकडे चक्कर होती. भाजी नावडती निघाली किंवा मेहुणा यायचा असला, की ते कपाळाला हात लावून आडवे होत. मेहुणा जिना उतरला की उठून पेपर मागत.

मग त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. म्हणाले, "गोळी घेतली की जेवलंच पाहिजे. घाम फुटला, हातपाय थरथरले, तर विचार करत बसू नका, आधी साखर द्या." आणि बाईंकडे वळून म्हणाले, "बाकी सगळं तुमच्याच हातात."

यातलं शेवटचं वाक्य बाईंनी घरी आणलं.

सकाळी भिजवलेली मेथी, पाण्यासकट. पाठोपाठ कारल्याचा रस. चहात साखरेच्या जागी दालचिनी. दुपारी मूठभर भात आणि हळद घातलेला दुधी. साखरेचा डबा कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली कमरेला.

"हे माणसाने खायचं?" साहेब म्हणाले.

"माणसाने नव्हे, पेशंटने."

"मीठ…"

"तेही कमीच सांगितलंय. गिळा मुकाट्याने."

साखर उतरली. रिपोर्ट पाहून डॉक्टर खूश झाले. "वा काकू, करता तरी काय?"

"काही नाही हो, घरचंच, साधं." सुगरण आपली खुबी पहिल्या कौतुकाला सांगून मोकळी होत नाही. रस, मेथी, मुठीतला भात यांतलं काही डॉक्टरांना कळलं नाही, म्हणून गोळी होती तेवढीच राहिली. "हाताला गुण आहे तुमच्या," ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच बाईंचं ताट पास झालं होतं. कौतुक झालेली सुगरण जे करते तेच त्यांनी केलं: प्रमाण वाढवलं. रसाचा पेला मोठा झाला, भात मुठीवरून चमच्यावर आला.

इमारतीतल्या बायका कृती विचारायला येऊ लागल्या. नाव पडलं ते तेव्हा.

एका दुपारी असाच वर्ग भरला होता. साहेबांनी गोळी घेतली होती आणि ताट बोटाने सरकवलं होतं. "नका जेवू," बाई म्हणाल्या होत्या, "रिपोर्ट आणखी चांगला येईल." पुढच्या खोलीत दालचिनीची साल हातोहात फिरत असताना साहेब दारात आले. शर्ट घामाने भिजलेला, हात चौकटीला.

"अगं, साखर…"

"काका, परीक्षेत कॉपी नको हं!" तळमजल्यावरची शिवणवाली म्हणाली. बायका खिदळल्या.

"बघितलंत?" मेथीकाकू म्हणाल्या. "याला म्हणतात गोडाची ओढ. इथेच आपण विरघळतो आणि केलेल्या पथ्याचा बोजवारा उडतो."

"चक्कर येतेय गं."

"ती तर आमच्याकडे माझ्याआधीपासून नांदतेय." आता हशा आवरेना.

"जरा किल्ली दे ना," साहेब म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांनी बायकोशी बोलताना 'ना' लावला नव्हता. तेवढ्यावरून काळजाचा ठोका चुकायला हवा होता. बाईंना गुदगुल्या झाल्या.

"पडा जाऊन आत," त्या म्हणाल्या, आणि नवरा चक्क गेला. चांगली दालचिनी कशी ओळखायची हे सांगून झालं, बिनसाखरेचा चहा झाला, बायका गेल्या, कप विसळून झाले. मग त्या आत गेल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "साखर दिली होती ना?" बाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांना तिचा काही उपयोग नव्हता.

साहेब वाचले. मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नव्हती, इतकंच. घरी आले ते चालत, गरीब चेहऱ्याने, बायकोला "आपण कोण?" विचारत. बाईंनी डाळ-भात कालवून पुढे ठेवला. साहेबांनी घास घेतला, चावला आणि म्हणाले, "छान झालंय."

बाई ताटापाशीच खाली बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. संध्याकाळी औषध दिलं. "छान झालंय." पाण्याचा पेला दिला. "छान झालंय." शिवणवालीने किती वाजले विचारलं, तर तिलाही तेच. ती अजूनही कृती विचारायला येते. तिचं म्हणणं, रिपोर्ट तर उत्तमच यायचे ना.

परवा बाईंनी भाजीत मीठ घातलं नाही. साहेबांनी ताट चाटून पुसून संपवलं. काल दोन मुठी घातलं, आणि घास त्यांच्या तोंडात जाताना त्या श्वास रोखून बघत राहिल्या. साहेबांचे डोळे पाण्याने भरले. त्यांनी गिळलं.

"छान झालंय."

बाईंनी एका बोटाने ताट त्यांच्यासमोरून सरकवलं. "मीठ," त्या म्हणाल्या. "अहो, मीठ म्हणा."

साहेबांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं, ताट परत ओढलं आणि पुढचा घास घेतला.