पाचव्या दिवशी, त्याच गल्लीत

आमची पहिली भेट शिव्यांनी झाली. शिव्या माझ्या होत्या. तो पालिकेच्या कुत्री पकडायच्या गाडीमागे उकिडवा बसून एका खरूज झालेल्या कुत्रीला ब्रेडचा तुकडा दाखवत होता. मी नुकतीच चार पुस्तकं वाचून शहाणी झालेली. रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्याला खाटीक म्हणत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, झालं असेल तर जरा बाजूला सरका. तुमच्या आवाजाने ती बिथरतेय."

गल्ल्यांमध्ये त्याला परतमामा म्हणत. हे नाव त्याने कमावलेलं होतं. नोकरीची पहिली काही वर्षं तो जी कुत्री न्यायचा, ती परत यायची नाहीत. मी एकदा विचारलं, तेव्हा काय करत होतात त्यांचं? विष होतं की इंजेक्शन? तो म्हणाला, "पगार होता." त्यापुढे त्या काळाबद्दल तो कधी बोलला नाही.

मग नियम बदलला. पकडायचं, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण म्हणून खाच द्यायची आणि पाचव्या दिवशी जिथून उचललं तिथेच सोडायचं. पालिकेने हा नियम कागदावर घेतला, मामाने अंगावर घेतला. लोक म्हणायचे, लांब कुठेतरी सोडून या की, कशाला परत आणता ही ब्याद? मामाचं उत्तर ठरलेलं होतं. "कुत्रं उचललं की जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेवर भाडेकरू येतातच. बाहेरचे, लस न टोचलेले. त्यापेक्षा आपला जुना बरा. भुंकतो, पण ओळख ठेवून भुंकतो."

फास तो क्वचित वापरायचा. चहावाले, इस्त्रीवाले, पंक्चरवाले त्याला आपणहून कुत्रं धरून द्यायचे. का, तर मामाने शब्द दिलेला असायचा: पाचव्या दिवशी, याच गल्लीत. या शब्दावरच त्याची सगळी नोकरी चालायची. एक कुत्रं जरी चुकलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी कोणी त्याला दारात उभं केलं नसतं.

गोंधळ होऊ नये म्हणून त्याची स्वतःची एक पद्धत होती. त्याची बायको शिंप्याकडे कामाला होती. तिथल्या चिंध्यांच्या ती पट्ट्या शिवून द्यायची आणि मामा त्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधायचा. गिरणीमागची गल्ली म्हणजे निळी फुलं. दवाखान्यासमोरचा रस्ता म्हणजे गणवेशाचं खाकी. भाजीबाजार म्हणजे चट्टेपट्टे. बायको मशीनवरून न उठता मला ऐकवायची, "मला कधी इतकं निवडून कापड आणलं नाही. सवतींना मात्र गल्लीगणिक वेगळं." मामा दारातच साबणाने कोपरापर्यंत हात घासत असायचा, कारण त्याशिवाय ती त्याला आत घेत नसे. तो म्हणायचा, "सवती निदान चावतात तेव्हा आधी गुरगुरतात."

आता माझं सांगते. हे मी लपवणार नाही.

मी अर्ज केला. शिकले कमी असले तरी अर्ज असा लिहिते की वाचणाऱ्याला घाम फुटावा. त्यात मी लिहिलं की श्वाननियंत्रणाचा सारा कारभार एका माणसाच्या भरवशावर आणि चिंध्यांच्या पट्ट्यांवर चालतो, हे लाजिरवाणं आहे. प्रत्येक कुत्र्याचा फोटो आणि ठिकाण यांची मोबाइलवर नोंद व्हावी. पकडणारा आणि सोडणारा वेगळे असावेत, म्हणजे एकमेकांवर वचक राहील. दोन दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसले. आठ महिन्यांनी मागणी मान्य झाली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, मूठ वर केलेला.

मामा त्या दिवशी एवढंच म्हणाला, "ताई, मला एकदा विचारायचं तरी."

"मामा, हा विषय तुमचा नाही, व्यवस्थेचा आहे," मी म्हणाले. आजही कोणाच्या तोंडून व्यवस्था हा शब्द ऐकला की माझे कान तापतात.

ॲप आलं. पालिकेतल्या साहेबांनी पट्ट्या बंद केल्या. म्हणे त्याने जंतुसंसर्ग होतो आणि फोटोत बरं दिसत नाही. मामाच्या हातात मोबाइल आला. कुत्रं पकडलं की फोटो काढायचा आणि पाठवायचा. सोडण्याचं काम एका नव्या गाडीला दिलं. तिचा ड्रायव्हर भला माणूस होता, पण त्याला कुत्री सगळी सारखीच दिसायची. नकाशावर टाचणी असेल तिथे गाडी थांबवून पिंजरा उघडायचा, एवढंच त्याला शिकवलं होतं.

गोम अशी होती की आमच्या जुन्या गल्ल्यांत मोबाइलला रेंज नाही. मामा फोटो काढायचा, तो अडकून राहायचा. गाडी मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंपापाशी आली की रेंज मिळायची आणि सगळे फोटो एकदम सुटायचे. ॲप ठिकाण घ्यायचं ते फोटो सुटला तिथलं. म्हणजे गिरणीमागची असो, बाजारातली असो, सगळी कुत्री कागदोपत्री पेट्रोल पंपाची झाली.

मामाला हे कळलं ते इस्त्रीवाल्या बाईकडून. तिच्या टपरीखाली राहणारी कोळशी, काळी आणि जरा लंगडी, तिने स्वतः कवेत घेऊन गाडीत ठेवली होती. सहाव्या दिवशी मामा त्या गल्लीत गेला तर ती इस्त्री आपटून म्हणाली, "भाऊ, बोटं मोजता येतात मला. माझी कुठे आहे?"

"आली नाही?"

"मला काय विचारतोस? तू नेलीस."

तो तिथून थेट ऑपरेशनच्या केंद्रावर गेला. पिंजरा धुऊन पालथा घातलेला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नकाशा दाखवला. पंपावर लाल टाचण्यांचा गुच्छ होता, एकोणीस. त्याने मला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला फोन केला होता.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. पंपाची मूळची सहा कुत्री एका बाजूला, आणि ही एकोणीस जिथे जागा मिळेल तिथे भेदरून बसलेली: ट्रकखाली, हवा भरायच्या मशीनमागे, कुंपणाला चिकटून. त्यांतली दोन रस्त्यावर मेलेली होती. पंपावरचा माणूस हात नाचवत ओरडला, "अहो, कालपासून महायुद्ध चाललंय इथे! एका गिऱ्हाइकाची पोटरी फोडली. ही धर्मशाळा आहे का?"

मामाने गाडीतून दोर आणि ब्रेड काढला. मी म्हणाले, आधी लेखी तक्रार करू, पंचनामा होऊ दे. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेका कुत्र्याजवळ जाऊन बसायचा, चेहरा निरखायचा, पुटपुटायचा: "तू बाजारातली. तू दवाखान्याची. तुझी आई मीच नेली होती." त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस तो त्यांना दोराने चालवत आपापल्या गल्लीत नेऊन सोडत होता. अकरा पोचली. पाच पळून गेली, ती कुठे गेली कोणास ठाऊक.

कोळशी पंपाजवळच्या पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या टाकीमागे सापडली. टाके फाटलेले, पोट चावून उघडलेलं. डॉक्टरीणबाईंनी रात्रभर ठेवली, सकाळी गेली. इस्त्रीवालीला सांगायला मामा एकटा गेला. मी येते म्हणाले, तर म्हणाला, "नको. शब्द मी दिला होता." ती काय बोलली ते त्याने सांगितलं नाही. मागाहून कोणीतरी सांगितलं, ती नुसती कपड्यावर पाणी शिंपडत राहिली.

इकडे साहेबांनी मामाला नोटीस काढली. गुन्हा काय, तर नोंदीविना कुत्री हलवली. मी केबिनमध्ये घुसून टेबलावर हात आपटला. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, ॲप चुकत नाही, हाताळणारा चुकतो. आणि पद्धत तर तुमचीच आहे. तुमच्याच अर्जात आहे." त्यांनी अर्ज काढून दाखवला. माझी सही लांबूनही वाचता येत होती.

मी आपटलेला हात टेबलावरून काढून घेतला.

त्या महिन्याच्या अहवालात पेट्रोल पंप हे शहरातलं सर्वाधिक कुत्र्यांचं ठिकाण ठरलं. तातडीने विशेष मोहीम झाली. गाडी गेली आणि तिथलीच सहा कुत्री उचलून आणली. सहाही आधीच ऑपरेशन झालेली, सहांच्याही कानांना खाच. मोहीम यशस्वी झाली म्हणून साहेबांचा सत्कार झाला.

चार महिन्यांनी ॲप गुपचूप बंद पडलं. कोणी चूक कबूल केली नाही, कोणाला शिक्षा झाली नाही. मामाची नोटीसही मागे घेतली. पट्ट्या बांधायला हरकत नाही म्हणाले. मामा गाडी घेऊन गल्लीत शिरला, तर गाडी वळणावर दिसताच शिट्ट्या वाजल्या. लोकांनी कुत्री घरात ओढून दारं लावली. चहावाल्याने पाठ फिरवली. मामाने दुरून फास टाकला तर एका म्हातारीने त्याच्या अंगावर बादली रिकामी केली. दिवसाला बारा कुत्री आणणारा माणूस आठवड्याला दोन आणू लागला. वर्ष फिरलं तशी गिरणीमागे, बाजारात, गटाराच्या कडेला पिलंच पिलं झाली. त्यांना लस नव्हती आणि ती कोणाची म्हणावी तर कोणाचीच नव्हती. लोक पुन्हा विचारू लागले आहेत, पूर्वीसारखं का करत नाही? पूर्वी कसं एकदा नेलं की संपलं.

मामाने बदली मागून घेतली. आता तो गटारं उपसणाऱ्या टोळीत आहे. मी त्याला तिथे जाऊन गाठलं. तो फावडं टेकून उभा राहिला. मी म्हणाले, "मामा, मी सगळं लिहून काढलंय. चौकशीची मागणी करते. तुम्ही फक्त जबानी द्या. तुम्हाला परत त्या गाडीवर आणून दाखवते."

"गाडीवर आणाल हो. त्या दारांचं काय?"

"मग असंच सोडायचं? अर्ज केला तर निदान..."

"नका करू, ताई." आवाज चढला नव्हता. "तुमचा अर्ज मंजूर होतो. मला त्याचीच भीती वाटते."

एवढं बोलून तो गटारात उतरला. मी अर्ज पिशवीत घेऊन काठावर उभी राहिले. खालून चिखल वर पडायला लागला, तेव्हा मला बाजूला सरकावं लागलं.