तू म्हणायचं ठरवलं तेव्हा

माझं माहेर पळसदेव. धरणात गेलेलं जुनं गाव, भीमेच्या काठचं. बारामतीजवळच्या जळोचीच्या एका बागायतदार घरात माझं लग्न ठरलं, तेव्हा मी सातवी पास होते आणि नवऱ्या मुलाला एकदाच पाहिलं होतं. तेही मान खाली घालून, म्हणजे खरं तर त्यांचे पायच पाहिले होते.

सुपारी फुटली मार्गशीर्षात, लग्न वैशाखात. माझ्या वहिनीचं माहेरही जळोचीच. ती माहेरी जाऊन आली, की तिच्या गाठोड्यातून माझ्यासाठी त्यांची चिठ्ठी निघायची. पहिल्या चिठ्ठीत होतं, ‘इकडील सर्व क्षेम. उसास पाणी चालू आहे. पाट यंदा उशिरा सुटला.’ मी ती दहा वेळा वाचली. उसाचं सगळं कळलं, माझ्यासाठी त्यात काही सापडलं नाही.

संक्रांतीनंतरची चिठ्ठी मात्र निराळी निघाली. ‘तुझी आठवण आली नाही असा दिवस मला जगल्यासारखा वाटतच नाही.’ एवढंच. वहिनीला वाचता येत नव्हतं. तिनं मला गोठ्यामागं नेऊन ते मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा. मग म्हणाली, की तिच्या नवऱ्यानं सहा वर्षांत एवढं बोलून दाखवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी जमिनीवर नव्हते. पाणी भरताना ते वाक्य म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची.

लग्नाची लुगडी घ्यायची वेळ आली. इंदापुरापेक्षा बारामतीला चांगली मिळतात, असं वहिनीनं आईला पटवून दिलं आणि आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. लुगडी तासाभरात झाली. तिथून वहिनीनं मला सरळ तीनच्या खेळाला नेलं. मी तोवर सिनेमा पाहिला नव्हता. बायकांची बसायची जागा वेगळी होती, ती गच्च भरलेली. पडद्यावर नदीकाठी तो आणि ती उभे राहिले, आणि तो तिला म्हणाला, ‘तुझी आठवण आली नाही असा दिवस मला जगल्यासारखा वाटतच नाही.’

वहिनीनं माझा दंड धरला. “अगं, ह्यो तर तुझा कागुद वाचतुया.”

क्षणभर मलाही तसंच वाटलं. माझी चिठ्ठी कुणीतरी चोरली म्हणून मी पडद्यावरच्या त्या माणसावर चिडले. मग उलगडा झाला आणि कानशिलं तापली. एवढ्यात ती नायिका म्हणाली, ‘तू बोलत राहा. मी ऐकते आहे.’

तू! बायकांमध्ये खसखस पिकली. मागच्या एका आजीनं विचारलं, नवऱ्याला अरेतुरे करते का ही. कुणीतरी सांगितलं, अजून नवरा नाही झाला. माझा राग कुठल्या कुठं गेला होता. ते ‘तू’ कानात असं घुमत होतं, की पुढचा सिनेमा मला आठवतच नाही.

घरी आल्यावर दोन दिवस मी कागद घेऊन बसले. ‘तू ते वाक्य सिनेमातून घेतलंस, मी ऐकलं. तरी तू बोलत राहा.’ ‘तू’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. चिठ्ठी वहिनीबरोबर गेली आणि मी भीतीनं अर्धी झाले. सोयरीक मोडली तर?

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ‘होय, घेतले. नीट ध्यानात राहावे म्हणून तीन वेळा गेलो. मला तसे बोलता येत नाही, पण मनात तेच होते. “तू” म्हणत जा. फक्त आईसमोर नको.’

तीन वेळा! ते वाचून मी गोठ्यामागं एकटीच उड्या मारल्या.

लग्न झालं. चारचौघांत ‘अवं’ आणि उसाच्या सरीत ‘तू’, असं आमचं सुरू झालं. सासरे आधीच गेले होते, घरात आम्ही तिघंच. एकदा सकाळी वांगी तोडताना माझ्या तोंडून निघून गेलं, “तू डालगं इकडं दे.” सासूबाई दोन सऱ्या पलीकडं होत्या.

“कुनाला म्हनलीस गं?”

हेच उभे राहिले. “मला म्हनली, आई.”

त्या वांगी तोडत राहिल्या. दुपारी जेवताना त्यांनी मला विचारलं, हे कुठं शिकलीस. मी खरं ते सांगितलं, अगदी चिठ्ठीसकट. त्यांनी ताटावरचा हात थांबवला. “मला बी दाव त्यो शिनेमा.”

तो सिनेमा तोवर गेला होता, दुसरा लागला होता. बाजारच्या दिवशी माल उतरवून आम्ही तिघं तीनच्या खेळाला गेलो. पडद्यावर दोघं बोलायला लागले, की सासूबाई माझा हात घट्ट धरायच्या. परतताना हे गाडी हाकत होते, आम्ही मागं बसलो होतो. त्या म्हणाल्या, की सासऱ्यांना त्यांनी उभ्या जन्मात कधी हाक मारली नाही. ते लांब शेतात असले, की बांधावर उभं राहून त्या तांब्या वाजवायच्या.

मी विचारलं, मारली असती तर काय हाक मारली असती?

त्यांनी पदर तोंडाशी नेला.

“ए राजा,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

पुढं बसलेल्या यांचे खांदे हलायला लागले. मग मी हसले, मग त्याही. गावाची वेस येईपर्यंत आम्हाला हसू आवरलं नाही.