जोडीला काय?

गेल्या वर्षी मला जेवून पाटावरनं उठता येईना. मांड्यांतलं बळच गेलं. जन्मभर तालमीत घुमलेला गडी मी, पण बायकोचा खांदा धरून शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडं गेलो. तपासण्या बघून ते म्हणाले, "स्नायूंना सूज आलीय. हा आजार बायकांत जास्त दिसतो."

मी तडकलो. "अहो, माणूस बघून तरी बोला की!"

खुर्चीमागं उभी असलेली बायको पदरात तोंड घालून हसत होती.

डॉक्टरांनी पुढं विचारलं, "बरं, जोडीला काय हाय?"

मला राग आला की भूक लागते. म्हणालो, "मटण असलं तर पांढरा रस्सा."

"ओ पावणं, आजाराच्या जोडीला! थायरॉईड, साखर, धाप?"

"काय बी न्हाय!" मी छाती काढून सांगितलं.

मागनं बायको म्हणाली, "थायरॉईड मला, साखर मला. जिना चढताना मांड्या माझ्याबी वर्षभर भरून येत्यात. ह्यांच्या जोडीला मीच हाय की!"

डॉक्टर खो खो हसले आणि एकदम थांबले. मला म्हणाले, "उठा. त्यांना बसू द्या."

मला उठता येईना. शेवटी तिनंच हात देऊन उठवलं, आणि मग ती बसली.