मेलिआमेची मागची खिडकी

पोलीस सार्जंट लिसिआते टोंगा देशातल्या हापाई बेटांपैकी ज्या बेटावर होता, तिथे बारा दुकानं होती आणि रविवारी ती बाराही बंद आहेत हे बघणं त्याचं काम होतं. टोंगात रविवारी कुणी धंदा करायचा नाही, हे घटनेतच लिहिलेलं. सकाळची उपासना आटोपली की उपासनेसाठी रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई न सोडताच तो सायकलवर टांग मारायचा आणि दुकानांची कुलुपं बघत फिरायचा. चर्चमध्ये तो अधूनमधून उपदेशही करायचा, त्यामुळे लोक त्याला दुहेरी वचकून असत.

त्याच्या फेरीत एक रस्ता मात्र कधी येत नसे. तिथे त्याच्या थोरल्या बहिणीचं, मेलिआमेचं दुकान होतं. पुढचं दार बंद, पण मागच्या खिडकीतून सिगारेटी, साखर, मासळीचे डबे सगळं मिळायचं. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण टोंगन भावाने बहिणीपुढे मान वर करून बोलायचं नसतं, जाब विचारणं तर लांबच. लिसिआतेने सोपा मार्ग काढला होता, त्या बाजूला जायचंच नाही.

एका रविवारी पाळकांनी उपासनेनंतर त्याला बाजूला घेतलं. "सार्जंट, रविवार विकला जातोय म्हणतात. तुमच्या कानावर नाही आलं?"

"बघतो," तो म्हणाला. कान मात्र तापले.

त्या दिवशी तो जरा जोरातच सायकल हाकत निघाला. धक्क्याजवळ लिनबाईच्या दुकानाची फळी हातभर वर होती. लिनबाई नवऱ्यामागे एकटीच दुकान चालवायची, सहा वर्षं झाली होती तिला परदेशातून बेटावर येऊन. फळीखाली वाकून म्हातारा काफोआ काहीतरी खिशात घालत होता.

"काय घेतलंस, काका?"

"तापाच्या गोळ्या. नातीचं अंग भाजतंय रात्रीपासून. बाई नकोच म्हणत होती, मीच दार ठोठावलं."

"पैसे दिलेस?"

काफोआला खोटं बोलता येत नव्हतं. "दिले की. फुकट कशाला घेऊ?"

लिसिआतेने वही काढली. लिनबाई बाहेर आली, तिने आधी वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मी सहा वर्षांत एकदा उघडलं," ती मोडक्या टोंगनमध्ये म्हणाली. "एकदाच."

एवढंच म्हणाली. मागच्या खिडकीचा विषय तिने काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कित्येकदा वाटलं.

घरी जमिनीतल्या भट्टीवरची माती नुकतीच उकरली होती. बायकोने वाफाळतं पान त्याच्यापुढे उलगडलं. अळूच्या पानात नारळाचं दूध आणि डब्यातलं गोमांस. दोन घास पोटात गेले तेव्हा त्याला आठवलं, काल घरात डबा नव्हता.

"हा डबा कुठला?"

"कुठला म्हणजे? सकाळी आक्कांकडून आणला. खिडकीतून."

त्याने पान संपवलं, बोटं चाटली आणि संध्याकाळच्या उपासनेआधी बसून लिनबाईवरचा अहवाल पुरा केला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

कोर्टात फार वेळ लागला नाही. काही सांगायचंय का, असं विचारल्यावर लिनबाई म्हणाली, "औषध दिलं." दंड झाला. त्यावर त्या वर्षी परवानाही अडकला. कुणी तरी तिच्या फळीवर दगड मारले, पाळकांनी त्याचा निषेध केला, पण दगड मारणारे सापडले नाहीत. लिसिआतेने फारसे शोधलेही नाहीत. चार महिन्यांनी ती सामान घेऊन बोटीने मोठ्या बेटावर निघून गेली. धक्क्यावर पोचवायला एकटा काफोआ होता. त्याची नात बरी झाली होती. त्यानंतर लिसिआते दिसला की म्हातारा रस्ता ओलांडायचा.

लिसिआतेची झोप उडाली. उपदेशाला उभं राहिलं की जीभ जड व्हायची. शेवटी एका सोमवारी तो बहिणीच्या घरी गेला आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला.

"आत ये की," मेलिआमे म्हणाली.

"नको. ताई, तुमच्यावर केस करायला आलोय."

तिने हातातला पंखा खाली ठेवला. "माझ्या खिडकीतलं तूही खाल्लंयस."

"खाल्लंय. तेही लिहिलंय."

"मग कर. तुझ्या लेकीच्या लग्नात आत्याची जागा रिकामी ठेव म्हणजे झालं."

वरच्या साहेबाने अहवाल वाचला आणि सार्जंटच्या घरच्या डब्याची ओळ काट मारून काढून टाकली. "येडा आहेस का? पोलीस स्वतःवर लिहितात होय?" मेलिआमेने दंड भरला. पुढच्या वर्षी लेकीचं लग्न झालं. सगळ्यांत मानाची जागा आत्याची, ती रिकामीच राहिली, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडे बघत होता.

त्यानंतर कामासाठी मोठ्या बेटावर, राजधानी नुकुअलोफाला गेला असताना त्याने लिनबाईचं दुकान शोधून काढलं. बाजारामागे, आधीच्या निम्म्याएवढं. तो रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा सगळं सांगितलं: खिडकी, डबा, बहिणीवरची केस.

लिनबाईने ऐकून घेतलं. तिचं टोंगन आता सुधारलं होतं.

"बहिणीचं तुम्ही आणि बहीण बघा," ती म्हणाली. "मला कशाला सांगता? मला तेव्हा ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोलीस तुम्ही होतात." तिने त्याच्या मागे पाहिलं. "काही घ्यायचंय का? नसेल तर जरा बाजूला व्हा, लोक थांबलेत."

त्याने काड्यापेटी घेतली. ती नको होती त्याला. बाहेर येऊन तो उन्हात बराच वेळ उभा राहिला, आणि बोटीची वेळ झाली तसा धक्क्याकडे चालू लागला.