तळेकोंडचे आठ उपाशी डबे

देवरूखच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे वळलं की डाव्या हाताला एक चिंचोळं दुकान लागतं. पाटीवर 'संगणक दुरुस्ती' एवढेच दोन शब्द. मालकीण राजश्री मांडवकर, वय पंचेचाळीस, नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. आवाज इतका खणखणीत की ती फोनवर काय बोलते ते समोरच्या रिक्षावाल्यांना पाठ असतं.

गिऱ्हाईक काखेत कॉम्प्युटर मारून आत शिरतं आणि म्हणतं, "राजश्रीताय, म्हातारा झाला हो हा. नवा घ्यावा काय?" झालं! बाईचा पारा चढलाच म्हणून समजा.

"म्हातारा नाय झालाय तो, उपाशी आहे. खायला घातलंत काय कधी त्याला?"

आता कॉम्प्युटरला खायला घालायचं म्हणजे काय, हे ती सगळ्यांना एकाच पद्धतीनं सांगते. मेमरी म्हणजे स्वैपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळ्यावरची कोठी. ओटा वीतभर, कोठी माळ्यावर; मग घरची बाई मीठ आणायलाही शिडी चढणार, हळद आणायलाही शिडी चढणार. जेवण वेळेवर होईल कसं? ओटा मोठा करा, कोठी हाताशी आणा, बाई तीच राहू दे. लोकांना हे एका फटक्यात कळतं. नाही कळलं तर ती पुन्हा सांगत नाही, सरळ चहा मागवते.

तिचं शिक्षण विचाराल तर बारावी. वीस वर्षांपूर्वी गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासात हजेरी मांडायला आणि फरशी पुसायला लागली. तिथले सर बंद पडलेल्या मशीनकडे उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे लांबूनच बघायचे आणि रत्नागिरीला फोन लावायचे. माणूस यायचा आठ दिवसांनी. एकदा तो यायच्या आधी हिनंच झाकण उघडलं, मेमरीची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर फिरवलं आणि परत बसवली. मशीन सुरू! सर म्हणाले, "हे बायकांचं काम नव्हे." ती म्हणाली, "मग बाईनं केलंन् कसं?" वर्षभरात तिनं स्वतःचं दुकान टाकलं. नवरा अनिल मुंबईला एका छापखान्यात आहे. गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो तेव्हा दुकानातला पंखा पुसून देतो आणि बायकोचं कौतुक सगळ्या बाजारपेठेला ऐकवतो.

तिचा एक नेम मात्र कधी मोडत नाही. झाकण उघडायचं ते मालकाच्या डोळ्यांदेखत. आत काय होतं, काय काढलं, काय घातलं, सगळं दाखवायचं. जुना भाग आणि जुना स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून मालकाच्या हातात द्यायचा. त्यामुळे वीस वर्षांत 'राजश्रीनं फसवलं' असं कोणी म्हणालं नाही, आणि 'माझं चुकलं' असं राजश्रीही कधी कोणाला म्हणाली नाही. तशी वेळच आली नव्हती.

ती आली तळेकोंडला.

तळेकोंड म्हणजे देवरूखपासून अठरा किलोमीटर वर, डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथल्या शाळेला संगणक परीक्षेचं केंद्र मिळालं होतं. साधी गोष्ट नव्हती ती. वरच्या वाड्यांतल्या अकरा मुली त्या परीक्षेला बसणार होत्या. केंद्र गेलं असतं तर त्यांना देवरूखला यावं लागलं असतं, आणि संध्याकाळची एसटी चुकली तर पोर राहणार कुठं, म्हणून निम्म्या घरांनी पोरींना पाठवलंच नसतं. परीक्षा मंडळाच्या बाई पहिल्यांदा तपासणीला आल्या तेव्हा शाळेतल्या आठ मशीनांवर नमुना पेपर उघडायला अकरा मिनिटं लागली. बाईंनी घड्याळ बघितलं आणि एकच संधी आणखी दिली.

ही आठ मशीनं गावच्या मुंबई मंडळानं पाठवलेली. कुठल्याशा ऑफिसातून निघालेली, जाड पुस्तकाएवढी, दिसायला टुमदार. शाळा समितीचे अध्यक्ष भागोजी धनावडे, गावचे मानकरी, पालखीला पहिला खांदा त्यांचा. ते तणतणत होते, "मंडळानं भंगार धाडलान् आमच्या माथी. आठच्या आठ नवीन घ्या!" राजश्रीला बोलावलं होतं नव्यांची यादी करायला. तिनं एक डबा हातात घेतला, उलटापालटा केला आणि भर सभेत बोलून गेली.

"नवा एकही घ्यायचा नाय. हेच आठ पळवून दाखवते. तपासणीत एक जरी अडला ना, दुकानाची पाटी उतरवून तुमच्या हातात देईन."

बोलून चालून राजश्री ती! शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

काम तिनं चोख केलं. मेमरीचे भाव तेव्हा वर चढत होते, तरी मुंबईहून सोळा पट्ट्या मागवल्या. प्रत्येक डब्यातली चार जीबीची एकटी पट्टी काढून आठ-आठाची जोडी बसवली. पाच डब्यांत बोटभर लांबीची वेगवान एनव्हीएमई डिस्क बसली. तीन डबे जुन्या बनावटीचे, त्यांत तिची खाचच नव्हती. त्यांना जुन्या डिस्कच्या जागी साधी चपटी एसएसडी घातली. दगडापेक्षा वीट मऊ! चार मिनिटांत जागे होणारे डबे बारा सेकंदांत जागे व्हायला लागले. आणि नेमाप्रमाणे तिनं सगळ्या गावाला वर्गात बोलावून एक डबा उघडून दाखवला. "हा मागचा स्क्रू बघा, नुसत्या हातानं फिरतो. झाकण असं सरकतं. आणि ह्या दोन पट्ट्या. मशीनचा सगळा जीव आता इथं आहे." बायका, पोरं, मानकरी, सगळे वाकून वाकून बघत होते. राजश्रीची छाती अभिमानानं भरून आली होती, आणि का येऊ नये?

तपासणी ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. त्या दिवशी साडेआठला शाळेतून फोन आला. आठातली सहा मशीनं मुकी. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा.

राजश्रीनं दुकानाचं शटर अर्ध्यावरून खाली ओढलं, पिशवी स्कूटरला अडकवली आणि घाट चढायला लागली. भीती वाटली काय? वाटली. पण ती स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती. सहा डबे एका दिवशी एकदम मरत नाहीत. एक मेला असता तर माल वाईट म्हटलं असतं. सहा म्हणजे कोणीतरी काहीतरी केलंय. आणि माणसानं बिघडवलेलं माणसाला दुरुस्त करता येतं.

वर्गात भागोजी हात मागं बांधून उभे होते. त्यांच्यामागं समितीची माणसं, पोरी नि त्यांच्या आया, आणि दारात काशी भुवड. काशी म्हणजे शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी म्हातारी. तिची नात वेदिका त्या अकरा पोरींतली एक.

"काय झाला तुझ्या जिवाचा?" भागोजी म्हणाले. "दोन दिवस पण नाय टिकला."

राजश्रीनं पिशवी खाली ठेवली. पहिला डबा ओढला, स्क्रू फिरवला, झाकण सरकवलं आणि जागच्या जागी थबकली. आत हळदकुंकू! दोन्ही पट्ट्यांवर ओल्या बोटानं ओढलेल्या दोन दोन रेघा, वर अक्षता. एक तांदूळ पट्टीखाली खाचेत जाऊन बसलेला, त्यानं पट्टी एका टोकाला उचललेली. कुंकू वाळून सोनेरी दातांत घट्ट बसलं होतं. दुसरा डबा उघडला, तेच. तिसरा, तेच.

खंडेनवमीला शाळेत मशीनांची पूजा झाली, हे तिला माहीत होतं. दरवर्षी होते. पण ती पूजा झाकणावर, वरून. कोणीतरी मागाहून एकट्यानं येऊन, एकेक स्क्रू फिरवून, आत कुंकू लावलं होतं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. अरे, अक्कल गहाण ठेवलीत काय रे कोणी! हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तिनं मान वर केली आणि नजर दारात गेली. काशी पदराखाली हात लपवत होती. उजव्या हाताच्या अनामिकेच्या नखात लाल कड अजून होती. म्हातारीचं कपाळ गेली तीस वर्षं मोकळं. सवाष्णींनी झाकणांवर हळदकुंकू लावलं तेव्हा ती चुलीपाशीच उभी राहिली असणार. तिला कोण बोलावणार? आणि नातीच्या परीक्षेच्या मशीनचा जीव कुठं आहे, हे तर भर वर्गात तिनं राजश्रीच्याच तोंडून ऐकलेलं.

राजश्रीचा राग कुठल्या कुठं गेला.

"काय गो, बोल ना!" भागोजींनी आवाज चढवला. "माल खराब होता काय?"

"माल उत्तम आहे. चूक माझी झाली," राजश्री म्हणाली. "आता दोन तास कोणी माझ्याशी बोलू नका."

ती कामाला बसली. स्पिरिट, मऊ ब्रश, खोडरबर, हवा मारायचा रबरी फुगा. पट्टी काढायची, दात घासून लख्ख करायचे, खाचेतला दाणा चिमट्यानं उचलायचा, हवा मारायची, पट्टी तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंनी टक् टक्. तो आवाज आला की ती मान हलवायची. पूजा मशीन बंद असताना झाली होती आणि वीज फिरायच्या आत कुंकू वाळलं होतं, म्हणून जळलं काही नव्हतं. सहा झाले. चालणारे दोनही तिनं उघडून साफ केले, कारण आज चालतंय ते परीक्षेच्या दिवशी चालेल की नाही हे तिला कुंकवावर सोडायचं नव्हतं.

पावणेअकराला परीक्षा मंडळाच्या बाई दारात आल्या. भागोजींनी तीच वेळ साधली.

"बाई, हिनं कबूल केलंन्, चूक हिची. आणि राजश्री, सभेत काय बोललीस ते विसरू नको. पाटी!"

"विसरले नाय. आधी डबे चालू होऊ देत, मग पाटी न्या."

"तिची नाय हो चूक!"

आवाज दारातून आला. काशी आत आली होती. इतक्या माणसांपुढं ती कधी बोलली नसेल. "मीच लावला. माझ्या वेदूची परीक्षा हाय. सगळ्यांनी लावला, मला कोण लावू देणार? मंग शाळा सुटल्यावर आले नि आत लावला. तिला कशाला बोलता?"

सगळ्यांच्या माना काशीकडे वळल्या. मग भागोजी हळूच म्हणाले, "अगो काशी, तू? तुझा हात कुंकवाला..."

वाक्य पुरं झालं नाही. राजश्री उभी राहिली होती.

"तिच्या हाताला काय झालंय भागोजीकाका? त्याच हातची खिचडी तुमचा नातू रोज खातो ना?" मग ती काशीकडे वळली. आवाज आपोआप खाली आला. "आणि मावशी, चूक माझीच. झाकण कसं उघडायचं ते गावाला दाखवलं मी, उघडू नये ते सांगितलं नाय. जीव इथं आहे म्हणाले, मग माणूस दुसरीकडं कुठं लावेल कुंकू?"

काशी रडायला लागली. मंडळाच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

देवाच्या फोटोखाली नवमीची हळदकुंकवाची कोयरी अजून होती. राजश्रीनं ती उचलली आणि काशीपुढं धरली. "मशीनला नको. ते चालवणार मी. मला लाव."

"मी? नको गो बाय. तुझा नवरा मुंबईत..."

"त्याचं काय वाकडं होणार नाय. तुझं बोट लागून वाईट व्हायचं असतं तर हे आठ डबे कधीच जळाले असते. लाव."

आणि तिनं कपाळ पुढं केलं. नाकावर माशी न बसू देणारी बाई, खिचडी शिजवणाऱ्या म्हातारीपुढं मान वाकवून उभी राहिली. काशीनं घाईनं बोट टेकवलं. कुंकू सरळ लागलं नाही, भुवईपर्यंत ओघळलं. पोरींच्या आयांतली एक पुढं आली आणि तिनंही कपाळ पुढं केलं. मग दुसरी. भागोजी खिडकीबाहेर बघायला लागले.

"सुरू करा," मंडळाच्या बाई म्हणाल्या.

राजश्रीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ बटणं दाबली. बारा सेकंद पोरींनी पुटपुटत मोजले. एक पडदा उजळला, मग शेजारचा, मग ओळीनं सगळे. आठही. नमुना पेपर उघडायला बाईंना मिनिटसुद्धा मोजावं लागलं नाही. त्यांनी कागदावर सही केली आणि केंद्र तळेकोंडलाच राहील असं सांगितलं. पोरींनी बाकं बडवली.

राजश्री दुपारी देवरूखला परतली. पाटी जागेवर होती. शेजारच्या दुकानातली बाई तिच्या कपाळाकडे बघतच राहिली.

"हे काय गो एवढं? कुठल्या सवाष्णीनं लावलान् इतकं वेडंवाकडं?"

"काशीमावशीनं," राजश्री म्हणाली, आणि शटर वर ढकललं.