‘येतो’ म्हणायला लावणारी लिंक

माझा लहान भाऊ मंगेश खोटारडा निघाला.

आज वर्ष झालं त्याला जाऊन. तरी माझा राग उतरत नाही.

कारंजात एसटी स्टँडजवळ आमचं वेबसाइट बनवायचं छोटं दुकान. डिझाइन माझं, कोडिंग त्याचं, भांडण दोघांचं.

एकदा गावातल्या साडीच्या दुकानाचं काम आलं. मालक शेठजी, बाबांच्या ओळखीचे. बायकांनी घरबसल्या लॉगिन करायचं, साड्या पाहायच्या, ऑर्डर द्यायची, आणि झालं की ‘बाहेर पडा’ या लिंकवर क्लिक करायचं.

साधी लिंक. दाबली की बाहेर.

पण आमच्या मंगेशसाहेबांना ते खपेना.

“ताई, आपल्या घरून कोणी असं उठून चाललं जाते का? आई जाऊ देते का?”

खरंय. आई कोणालाच ‘जातो’ म्हणू देत नसे. अगदी दूधवाला म्हणाला तरी दारातून ओरडायची, “येतो म्हण रे बाप्पा! जातो काय म्हणतं?”

तर या पठ्ठ्यानं त्या लिंकलाच मधे अडवलं. क्लिक केलं तरी पान हलायचं नाही. आधी एक चौकट यायची.

‘जातो नाही, येतो म्हणा.’

खाली दोन बटणं. येतो, येते. त्यातलं एक दाबलं की मगच सुटका.

मी भडकले. “लोकायले घाई असते मंग्या! काहून अडवून राह्यला त्यायले?”

त्यानं मला शेजारी बसवलं. “हे पाय. लिंकचा सोभावच हाये, दाबली का पळते. आपुन एका ओळीत सांगायचं, थांब माय, आंधी माह्यं आयक. प्रिव्हेंट डिफॉल्ट म्हनतात याले.”

“अन् ते आयकते?”

“आयकते ना. तुह्यासारखी नाही ते.”

शेठजी चौकट पाहून पोट धरून हसले. कारंजातल्या बायका मुद्दाम लॉगआउट करून एकमेकींना दाखवायच्या.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी तो मंगरूळपीरला एका गिऱ्हाइकाकडे निघाला. गाडीला किक मारली आणि फाटकातून ओरडला, “येतो वं ताई!”

येतो म्हणाला. स्पष्ट म्हणाला. आईनंही ऐकलं.

अंधारात रस्त्यात ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता.

तेव्हापासून आई कोणाला टोकत नाही. दूधवाला ‘जातो’ म्हणतो आणि जातो. ती पातेलं घेऊन आत येते.

सगळे म्हणतात हळूहळू दुःख कमी होईल. कशाचं कमी होतंय! दुकानाचं शटर उघडायचा मला कंटाळा येतो. नवीन काम आलं तर आनंद होत नाही, गेलं तर वाईट वाटत नाही. दुसरी खुर्ची हलवायची माझी हिंमत नाही.

आणि आज सकाळी शेठजींचा फोन.

“बेटा, नाराज नको होऊ. ते चौकट काढून टाक. बाया दुकानात येऊन डोये पुसतात. मलेही आता पाहवत नाही.”

मी म्हटलं, “शेठजी, त्याचं बोलणं तेवढंच उरलं हो. फोटो आहेत, पण ते बोलत नाहीत.”

ते म्हणाले, “माहीत हाये बेटा.”

म्हातारा माणूस. साइट त्यांची. भांडू कोणाशी?

दुपारी फाइल उघडली. चौकट काढली. मग ती ओळ खोडली. सेव्ह केलं.

मग चेक करायला बसले. चेक केल्याशिवाय उठायचं नाही, हा त्याचाच नियम.

‘बाहेर पडा’ दाबलं.

पान गेलं.

लगेच. मधे कोणीच बोललं नाही.

मी पुन्हा लॉगिन केलं, पुन्हा दाबलं. वेड्यासारखी करत राहिले. दर वेळी गेलं.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं चिडेल, रडेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बरं केलं. येतो म्हणून कोणी येत नाही माय.”

मंग्या, तुझ्या फोटोखाली श्रद्धांजली हा शब्द लिहायला माझा हात धजत नाही. या घरात कधी कोणाला म्हटलं नाही, ते आज तुला म्हणते.

जा रे बाप्पा.

जा. आता कोणी अडवत नाही.